धुराचं बिल कोणाच्या नावावर?

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, यांस



सरकारी पत्राला विषय लागतो, म्हणून आधी तो लिहिते. विषय : वाहनांच्या धुराचा खर्च, तो प्रत्यक्षात भरणारी माणसं आणि पीयूसी नावाचा कागद. संदर्भ : पुण्यातला कुठलाही मोठा चौक, संध्याकाळी सहानंतर.

आपल्या खात्याला माझ्या स्कूटरची जितकी माहिती आहे तितकी माझ्या घरच्यांनाही नसेल. इंजिनाचा नंबर, चासीचा नंबर, कर कधी भरला, विमा कधी संपतो, कोणत्या चौकात पुढचं चाक झेब्रा पट्ट्यांवर गेलं, सगळं फोनवर दिसतं. पूर्वी यातल्या प्रत्येक कागदासाठी आरटीओच्या फाटकाबाहेर एजंट गाठावा लागायचा. आता बरीचशी कामं घरबसल्या होतात, याचं श्रेय खात्याला द्यायलाच हवं. या गाड्यांपासून सरकारी तिजोरीत किती जमा झालं, हेही आपल्याकडे रुपयापर्यंत लिहिलेलं असणार. माझी तक्रार खर्चाच्या बाजूबद्दल आहे. गाडीने हवेत जे सोडलं त्यापायी कोणाला किती भुर्दंड पडला, हे कुठेच मांडलेलं नसतं.

गाडीचा धूर आणि सरकार यांची गाठ पडते ती एकाच ठिकाणी, पीयूसी केंद्रावर. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आमच्या भागातल्या एका पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक व्हॅन उभी असते. केंद्र कोणतं ते लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका व्हॅनचा नाही. मी स्कूटर लावली. विशीतला एक मुलगा उतरला, त्याने नंबरप्लेटचा फोटो घेतला आणि फोननंबर विचारला. सायलेन्सरमध्ये घालायची नळी व्हॅनच्या पायरीपाशी वेटोळं करून पडलेली होती. तिच्यावर धूळ होती, काजळी नव्हती. मी गाडी चालू करायला गेले तर म्हणाला, "राहू द्या ताई, बंदच राहू द्या." पन्नास रुपये दिले, कागद हातात आला. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आणि हायड्रोकार्बनचा आकडा व्यवस्थित छापलेला होता, तोही दशांश चिन्हासकट. बंद इंजिनाचा धूर दशांशापर्यंत मोजणारं यंत्र जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. मी तसं म्हटलं, तर त्याने माझ्या मागची रांग दाखवली आणि पुढच्या मोटरसायकलवाल्याला हात केला. रांगेतल्या कोणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती, हेही सांगायला हवं.

ही एखाद्या बाईची कुरकुर म्हणून बाजूला ठेवू नये. दिल्लीतल्या वाहनांच्या प्रदूषणाबाबत 'कॅग'चा अहवाल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. ज्यांच्या धुरातलं कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोकार्बन मर्यादेपेक्षा जास्त आढळलं, अशा एक लाखाहून अधिक गाड्यांनाही प्रमाणपत्रं दिली गेल्याचं त्यात म्हटलं आहे. एकाच केंद्रावर एकाच वेळी एकापेक्षा जास्त गाड्या तपासल्याच्या हजारो नोंदीही सापडल्या. हे शोधायला कोणी साध्या वेशात पंपावर जाऊन उभं राहिलं नव्हतं. संगणकातल्या नोंदी नीट वाचल्या, इतकंच. आपल्या राज्यातल्या नोंदीही संगणकातच आहेत. तेव्हा माझी पहिली विनंती ही : महाराष्ट्रातल्या पीयूसी केंद्रांच्या नोंदी अशाच वाचून घ्या, आणि जे निघेल ते जिल्हावार जाहीर करा. मिनिटाभरात गाडी 'तपासून' मोकळी करणारी केंद्रं एका दुपारी सापडतील.

आता समजा, सगळी केंद्रं उद्यापासून प्रामाणिक झाली. तरी तिथे काय मोजतात? पेट्रोलची गाडी असेल तर ती जागेवर उभी करून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. डिझेलची असेल तर अॅक्सिलरेटर दाबून धुराची घनता. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजली जात नाहीत. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मोजले जात नाहीत. माणसाच्या केसाची जाडी या कणांच्या तीसेक पट असते. यातले सगळ्यात बारीक कण फुप्फुसातून थेट रक्तात उतरतात. म्हणजे ज्यांनी माणूस सर्वांत जास्त आजारी पडतो ते दोन घटक तपासणीच्या बाहेर. शिवाय गाडी तपासायची ती स्टँडवर उभी करून, आणि ती धूर ओकणार कात्रजच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, मागे वाळू भरलेली असताना.

नवीन डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ म्हणतात तिला. ती चोंदली की बदलायला खर्च येतो, म्हणून ती काढूनच टाकून इंजिनाचं सॉफ्टवेअर 'रिमॅप' करून देणारी गॅरेजेस आहेत. हे आपल्या निरीक्षकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. गाळणी काढलेली गाडी धुराच्या घनतेच्या चाचणीत पास होऊ शकते, कारण ते यंत्र एवढ्या बारीक कणांसाठी बनवलेलंच नाही. बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनी यांनी २०२२-२३ मध्ये याच कारणासाठी ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीत कण मोजणारी यंत्रं आणली. आपणही निदान व्यावसायिक डिझेल वाहनांपासून सुरुवात करावी, ही दुसरी विनंती.

यावर आपलं उत्तर मला ठाऊक आहे : मापदंड केंद्र सरकार ठरवतं, केंद्रीय मोटार वाहन नियमांत जे आहे त्यापलीकडे राज्य जाऊ शकत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेल. पण आपल्याच खुर्चीचा इतिहास वेगळं सांगतो. १९९९ मध्ये मुंबईतल्या 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम'ने उच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते त्या वेळचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल. त्या प्रकरणातून मुंबईच्या जुन्या डिझेल टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या आणि काळी-पिवळी सीएनजीवर आली. तेव्हाही मापदंड दिल्लीतच ठरत होते.

काहीच झालं नाही, असं मी म्हणत नाही. पेट्रोलमधलं शिसं २००० साली देशभर बंद झालं. मुलांच्या मेंदूवर होणारा एक परिणाम त्याने कायमचा कमी झाला, आणि त्याचा कोणी उत्सव केला नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झालं, इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. मधली पाचवी पायरी गाळून मारलेली ही उडी खरोखर मोठी होती. दिल्ली आणि गुरुग्राममध्ये रस्त्याच्या कडेला यंत्रं लावून लाखाहून अधिक गाड्यांचा धूर मोजला गेला, त्याचे निष्कर्ष 'आयसीसीटी' या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात नव्या खासगी मोटारी आणि बस जुन्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ निघाल्या. पण त्याच मोजणीत सीएनजीवरच्या काही हलक्या मालवाहू गाड्यांतून नायट्रोजन ऑक्साइडं प्रयोगशाळेतल्या मर्यादेच्या १४ पट बाहेर पडत असल्याचंही दिसलं. सीएनजी म्हणजे स्वच्छ, असं आपण पंचवीस वर्षं धरून चाललो आहोत. नळीतून काळा धूर दिसत नाही, हे खरं. पण नायट्रोजन ऑक्साइडं डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि दम्याच्या पेशंटला त्यांनीच जास्त त्रास होतो.

म्हणून तिसरी विनंती : गाडी केंद्रावर बोलावण्याऐवजी रस्त्यावर मोजा. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर, नवले पुलाच्या उतारावर, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ही यंत्रं लावा. गाडी थांबवायला नको, पावती फाडायला नको, कोणाशी हुज्जत नको. जी गाडी पुन्हा पुन्हा मर्यादेबाहेर दिसेल तिलाच नोटीस पाठवा. आणि पहिल्या नोटिसा पालिकांच्या कचरागाड्या, पाण्याचे टँकर आणि सरकारी ठेकेदारांचे डंपर यांना जाऊ द्यात. सामान्य माणूस मग आपसूक ऐकेल.

हे सगळं यंत्रांबद्दल झालं. आता माणसांकडे येते, कारण या पत्राचं खरं कारण तीच आहेत.

स्वारगेटला पुलाखालच्या बाजूला संध्याकाळी भाजी घेऊन बसणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या एकीकडे मी नेहमी जाते. ती मेथीच्या जुड्यांवर पाणी मारते आणि खाली अंथरलेल्या पोत्यावर ते काळपट होऊन उतरतं. मेथी धुता येते. ती स्वतः दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत तिथेच असते, बसच्या सायलेन्सरच्या बरोबर उंचीवर तिचं नाक. तिच्याकडे गाडी नाही. तिच्या नवऱ्याकडेही नाही. बसने येते, बसने जाते. पावसाळा संपला की खोकला सुरू होतो, तो होळीपर्यंत राहतो. डॉक्टर कफ सिरप आणि एक पंप लिहून देतात. पंप महाग पडतो, म्हणून ती तो 'जास्त झालं की' घेते. ज्या दिवशी दम लागतो त्या दिवशी धंदा बुडतो. हे पैसे कोणाच्या खर्चात धरायचे? पेट्रोलच्या भावात ते नाहीत. माझ्या रस्ता करात नाहीत. ते तिच्या कनवटीतून जातात आणि कुठेही नोंदले जात नाहीत.

असे लोक मोजायला बसलं तर शहर त्यांचंच निघेल. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस. सिग्नलला गजरे विकणारी मुलं. दिवसभर दोन गाड्यांच्या फटीत रिक्षा घालणारा चालक, ज्याच्या गाडीला दारं नाहीत, काचा नाहीत. बसथांब्यावर अर्धा तास उभा असलेला पीएमपीचा प्रवासी; तो माणशी सर्वांत कमी रस्ता वापरतो, सर्वांत कमी इंधन जाळतो आणि सर्वांत जास्त धूर खातो. आणि काचा वर करून, एसी लावून जाणारा मात्र त्या मानाने सुखरूप. पुण्यात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या २०१८ मध्ये आपल्याच खात्याच्या आकड्यांवरून आल्या होत्या. पण वाहनं जास्त झाली म्हणजे प्रत्येकाकडे वाहन आलं, असं होत नाही. एका बंगल्यात चार असतात आणि वस्तीतल्या दहा घरांत मिळून दोन.

मुलांचं आणखी वेगळं. ती उंचीने लहान, म्हणजे धुराच्या नळीच्या जवळ. वजनाच्या मानाने त्यांचा श्वासही मोठ्यांपेक्षा जास्त. दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजली गेली. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची फुप्फुसं कमी वाढली, असं २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्याच प्रकल्पाने २०१५ मध्ये दुसरी गोष्टही दाखवली : हवा सुधारली तेव्हा पुढच्या पिढीतल्या मुलांची फुप्फुसं खरोखर चांगली वाढली. मला या दोन निष्कर्षांतला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या शहरांत शाळेच्या फाटकासमोर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या व्हॅन आणि मोटारी रोज दिसतात. तिथे निदान शाळा सुटण्याच्या वेळी इंजिन बंद करायला लावणं हे तर दिल्लीच्या परवानगीशिवाय जमेल?

लंडनमधल्या एला किसी-डेब्रा या मुलीची हकीकत आपण ऐकली असेल. गजबजलेल्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी ही मुलगी दम्यासाठी जवळजवळ तीस वेळा इस्पितळात गेली आणि २०१३ मध्ये नवव्या वर्षी वारली. तिच्या आईने चिकाटी सोडली नाही, आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. आपल्याकडे दाखल्यावर 'श्वसनक्रिया बंद पडल्याने' असं लिहितात. ते प्रत्येक मृत्यूला लागू पडतं, त्यामुळे ते कोणालाच अडचणीत आणत नाही.

देशाचा आकडा मात्र निघालेला आहे. २०१९ या एका वर्षात भारतात १६ लाख ७० हजार मृत्यूंचा संबंध हवेच्या प्रदूषणाशी आहे, असं 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मधल्या अभ्यासात म्हटलं आहे. त्यापायी झालेलं आर्थिक नुकसान सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.३६ टक्के. यात चुलीचा धूर आला, कारखाने आले, धूळ आली, शेतातली जाळपोळ आली. सगळं वाहनांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच पहिल्या गटात घातलं आहे, म्हणजे तंबाखू आणि अॅस्बेस्टॉसच्या रांगेत. आणि कारखान्याची चिमणी निदान उंचावर असते. गाडीचा धूर बाहेर पडतो तोच माणसांच्या गर्दीत.

"वाहनांचा वाटा वेगळा काढणं कठीण आहे," असं बैठकांमध्ये नेहमी सांगितलं जातं. कठीण असेल, अशक्य नाही, कारण आपल्या देशात ते एकदा झालं आहे. फोक्सवॅगनने चाचणीत फसवणारं सॉफ्टवेअर डिझेल गाड्यांत बसवल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. भारतातल्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या त्यात होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून तज्ज्ञांची समिती बसली. तिने एका वर्षात या गाड्यांनी दिल्लीच्या हवेत किती जादा नायट्रोजन ऑक्साइडं सोडली ते काढलं आणि त्यापायी झालेल्या आरोग्यहानीची किंमत ठरवली : १७१ कोटी ३४ लाख रुपये. न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये दंड ५०० कोटींचा केला. पुढे कंपनीविरुद्धच्या कारवाईला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली, तो भाग निराळा. मला त्या समितीतल्या संस्था लक्षात राहिल्या. त्यात वाहनांवर संशोधन करणारी पुण्याची 'एआरएआय' होती आणि पर्यावरणावर संशोधन करणारी नागपूरची 'नीरी' होती. एक संस्था आपल्या पुण्यातल्या टेकडीवर, दुसरी आपल्या उपराजधानीत. एका कंपनीच्या गाड्यांनी एका शहराच्या लोकांचं किती रुपयांचं नुकसान केलं, हे या माणसांना काढता येतं. मग पुण्यातल्या, मुंबईतल्या, चंद्रपुरातल्या सगळ्या गाड्यांचं का नाही? ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही, म्हणून. चौथी विनंती हीच : ते त्यांना सांगा. सोबतीला ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांमधल्या श्वसनविकाराच्या नोंदी द्या, आणि दरवर्षी एक आकडा प्रसिद्ध करा. मेट्रो परवडत नाही, बस तोट्यात चालते, असं आम्हाला वर्षभर ऐकवलं जातं. तो आकडा शेजारी ठेवला की तोटा नेमका कशात आहे, ते दिसेल.

वाहतूक पोलिसांच्या फुप्फुसांची वर्षातून एकदा स्पायरोमेट्री करा, हे वेगळं सांगायला नको. फुंकर मारायची साधी चाचणी आहे. ती त्यांच्यासाठीही हवी आणि आमच्यासाठीही, कारण शहराच्या हवेत रोज आठ तास उभा राहणारा दुसरा माणूस आपल्याकडे पगारावर नाही.

आता आम्हा वाहनधारकांबद्दल. "लोकच सुधारत नाहीत," असं आपल्या खात्यातले अधिकारी खासगीत म्हणतात, आणि ते खोटं नाही. कोपऱ्यावर दूध आणायला गाडी काढणारे आम्हीच. पीयूसीवाल्याने नळी लावली तर उशीर होतो म्हणून कुरकुरणारेही आम्हीच. पण बस पंचवीस मिनिटं येत नसेल आणि पदपथावर गाड्या लावलेल्या असतील, तर माणूस गाडी काढणारच. त्यात चैन कमी आणि नाइलाज जास्त. विजेच्या गाड्यांचं स्वागत आहे. त्यांना धुराची नळी नाही. टायर आणि ब्रेक त्यांचेही झिजतात, त्या धुळीचं काय ते बघावं लागेल. पण त्या येईपर्यंत आज रस्त्यावर असलेली पेट्रोल-डिझेलची वाहनं आणखी दहा-पंधरा वर्षं धावणार आहेत, आणि आजची भाजीवाली तेवढी वाट पाहू शकत नाही.

शेवटची विनंती सगळ्यांत सोपी आहे. तिला नवं यंत्र नको, केंद्राची परवानगी नको. जुन्या वाहनांच्या मालकांकडून आपलं खातं पर्यावरण कर घेतं. नावातच पर्यावरण आहे, म्हणजे तो पर्यावरणासाठी असावा. गेल्या दहा वर्षांत तो किती जमा झाला आणि त्यातला किती रुपया हवा सुधारण्यावर खर्च झाला, हे वर्षवार आणि शहरवार आपल्या संकेतस्थळावर टाका. या पत्राला लेखी उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. तेवढा तक्ता दिसला की उत्तर मिळालं असं मी धरून चालेन.

कळावे.

आपली नम्र,
पुण्यातली एक वाहनधारक